आयोडीन : कोणास हितकर, कोणास अहितकर?

थायरॉईडच्या तक्रारीचे रुग्ण हल्ली दोन परस्परविरोधी प्रश्न विचारतात. आयोडीनयुक्त मीठ सोडून सैंधव घ्यावे काय? आणि आयोडीनच्या गोळ्या घेतल्यास थायरॉईड बरा होईल काय? पहिला प्रश्न चिकित्सालयात येतो, दुसरा बहुधा औषधालयात. आमच्या मते दोहोंचे उत्तर ‘मात्रा’ या एकाच शब्दात आहे.

थायरॉईडचे स्राव आयोडीनवाचून तयार होत नाहीत. प्रौढास रोज १५० मायक्रोग्रॅम, तर गर्भिणीस २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. गर्भाच्या मेंदूची वाढ आरंभी मातेच्या स्रावांवरच अवलंबून असल्याने तिच्यातील तीव्र कमतरता बालकास कायमचे मतिमांद्य देऊ शकते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त, तर एका भागात साधे मीठ पुरवले. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमामागे हाच अनुभव होता.

चरकांनी लवणांमध्ये सैंधव श्रेष्ठ मानले, ते त्याच्या गुणांमुळे. आयोडीनचा स्रोत म्हणून नव्हे. नैसर्गिक सैंधवातील आयोडीन नगण्य असते. म्हणून गर्भिणीस वा स्तन्यदा मातेस केवळ सैंधवावर ठेवताना तिचे आयोडीन कोठून येणार, हा विचार वैद्याने केलाच पाहिजे. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, असा आपल्याकडे नियम आहे. असे ५ ग्रॅम मीठ ७५ मायक्रोग्रॅम देते; उरलेली गरज दूध, अंडी, मासे यांतून भागवावी लागते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. आयोडीनची कमतरता नसलेल्या प्रदेशांत थायरॉईडची मंदता बहुधा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेल्या आघातामुळे येते. तेथे अधिक आयोडीन हा उपाय नव्हे. अतिमात्रेने ग्रंथीचे स्रावनिर्माण तात्पुरते थांबते. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते, रोगग्रस्त ग्रंथी मात्र सावरेलच असे नाही. उलट, जुन्या गाठी असलेल्या गलगंडात स्राव एकाएकी वाढून हृद्द्रव, कंप, कृशता उद्भवू शकतात. डेन्मार्कमध्ये २००० साली मिठात आयोडीन मिसळणे सक्तीचे झाल्यावर काही वर्षे अतिस्रावाचे रुग्ण वाढले व पुढे घटले. मात्रा अल्प असूनही हा परिणाम दिसला, हे ध्यानात घ्यावे.

औषधालयात विकल्या जाणाऱ्या मात्रा तर याहून कितीतरी मोठ्या असतात. ५ टक्के ल्यूगॉल द्रावणाच्या एका थेंबात सुमारे ६ मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या गरजेच्या चाळीसपट आयोडीन असते. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतील प्रमाणही एकसारखे नसते. ‘नैसर्गिक’ या शब्दाने ते निरुपद्रवी ठरत नाही.

सुश्रुतांनी गलगंडाचे वातज, कफज व मेदोज असे भेद सांगितले. प्रत्येक गलगंडास एकच औषध, ही आपली परंपरा नव्हेच. यास्तव औषधालयचालकांनी अशी गोळी देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : गळ्यात गाठ आहे काय, थायरॉईडचे औषध चालू आहे काय, गर्भधारणा आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असल्यास गोळी न देता रुग्णास वैद्याकडे पाठवावे. वैद्याने टी.एस.एच. तपासणी पाहावी, चालू औषध परस्पर बंद करू नये. रोजचे आयोडीनयुक्त मीठ आणि चिकित्सेसाठी दिलेले आयोडीन यांतील भेद रुग्णास समजावून सांगणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.