कोसिकीचा पुत्र आणि चार गैरसमज

भाजे लेण्यांत पाण्याच्या एका टाक्यापाशी ब्राह्मी लेख आहे : ‘महारठिस कोसिकीपुतस विण्हुदतस देयधम पोढि’. म्हणजे, कोसिकीचा मुलगा महारठी विण्हुदत्त याने दान दिलेले टाके. यातल्या ‘पुत’ या नात्याच्या शब्दाभोवती बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : आईचे नाव लावत, म्हणजे मातृसत्ता होती.
वस्तुस्थिती : ‘कोसिकी’ हे आईच्या गोत्रावरून आलेले नाव. शेजारच्या कार्ल्याच्या लेखात बाप कोसिकीपुत मितदेव, तर मुलगा वासिठीपुत सोमदेव. महारठी हा किताब दोघांचाही. उपनाम मात्र ज्याच्या त्याच्या आईचे. ‘कोसिकी’सारखेच रोमनांतही कुळाचे नाव स्त्रीलिंगी करून मुलीला देत : कॉर्नेलियस कुळातली ती कॉर्नेलिया.

गैरसमज २ : ‘पुत्’ नावाच्या नरकातून तारतो, म्हणून पुत्र.
वस्तुस्थिती : ही व्युत्पत्ती मनुस्मृतीत आहे, पण ती मागाहून जुळवलेली. अवेस्तात हाच शब्द ‘पुथ्र’ असा येतो आणि पारशांतले शापूर हे नाव मुळात ‘राजपुत्र’च. तिथे त्या नरकाचा संबंध नाही.

गैरसमज ३ : पितृ–पाटेर, मातृ–माटेर, भ्रातृ–फ्राटेर, म्हणजे संस्कृत ही लॅटिनची आई.
वस्तुस्थिती : दोघी बहिणी आहेत. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात समान उगमाची कल्पना मांडली. शंभर या अर्थाच्या लॅटिन ‘केंटुम’मधला ‘क’ जुना आहे, ‘शतम्’मधला ‘श’ नंतरचा. आईकडे नसलेले जुनेपण लेकीकडे कुठून येणार? शिवाय मुलाला लॅटिनमध्ये ‘फिलियुस’ म्हणतात. त्याचा धातू दूध पिण्याचा, ‘धेनु’चाही तोच. ‘पुत्र’चा भाईबंद इटलीतच, पण शेजारच्या ऑस्कन भाषेत सापडतो : ‘पुक्लो’.

गैरसमज ४ : ‘पुतस’ म्हणजे अशुद्ध ‘पुत्रस्य’.
वस्तुस्थिती : प्राकृतात ‘त्र’चा ‘त्त’ आणि ‘स्य’चा ‘स्स’ नियमाने होतो, त्या काळच्या लेखांत जोड व्यंजन एकेरीच लिहीत. महारठिस, पुतस, विण्हुदतस ही तिन्ही पदे षष्ठीत आहेत, कारण ती एकाच माणसाची आहेत. रोमजवळ सॅट्रिकम येथे १९७७ मध्ये सापडलेल्या प्राचीन लेखातही ‘पोप्लिओसिओ वालेसिओसिओ’ अशा दोन षष्ठ्या शेजारी आहेत, आणि तो ‘ओसिओ’ म्हणजे ‘अस्य’चा सख्खा भाऊ. आपण ‘मुलास’, ‘रामास’ म्हणतो, तो ‘स’ही अभ्यासक याच प्राकृत ‘स्स’शी जोडतात.