हिरडा टिकला, नरक्या तुटला

अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला, हिरड्याला सहसा कुणी कुऱ्हाड लावत नाही. कोवळी फळं पाडायची, अंगणात वाळवायची आणि तो बाळहिरडा विकायचा. पावसाळ्याआधी महादेव कोळी घरांत चार पैसे येतात ते असे. फळाला गिऱ्हाईक आहे, म्हणून झाड उभं आहे.

नरक्याचं नशीब नेमकं उलटं. महाबळेश्वर, कोयना, आंबोली पट्ट्यातल्या या झाडाला जांभळट फळं धरतात, पण बाजाराला हवं असतं लाकूड आणि मूळ, कारण त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ साली अमेरिकेत एका चिनी झाडातून वेगळं काढलं. वाणी मूळचे नंदुरबारचे! पुढे १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं. त्यावरून बनलेली इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधं आज आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर देतात. औषधाला मागणी आली आणि सह्याद्रीत झाडं मुळासकट निघू लागली.

अशा झाडाची रोपं बाटलीत वाढवता येतील का? अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याला अशी ‘टिश्यूची रोपं’ नवी नाहीत. गुटी कलमाबरोबर तेल्या रोग बागेत येतो, म्हणून संगमनेर-राहात्याचे डाळिंबवाले टिश्यूचं रोप घेतात. रानझाड मात्र इतकं सरळ वागत नाही. जुन्या झाडाच्या फांदीचा पेरभर तुकडा निर्जंतुक करून आगरच्या पोषक थरावर ठेवला, की बऱ्याचदा कापलेली कड काळवंडते. आतली फिनॉलं पाझरून भोवतालचं आगर तपकिरी होतं आणि तुकडा मरतो. त्यातून वाचलाच, तर खोडाच्या आत दडलेली बुरशी वर येते. म्हणून संशोधक बहुधा बियांपासून उगवलेल्या कोवळ्या रोपाचे शेंडे घेतात. ते भराभर फुटतात. पण नरक्याच्या झाडाझाडांत द्रव्याचं प्रमाण वेगळं, आणि त्या कोवळ्या रोपाचा गुण आधी कोण सांगणार? जुनं झाड अशक्य नाही, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० साली शंभर वर्षांच्या सागावर दाखवलं होतं. चिकाटी मात्र लागते.

माझं म्हणणं एवढंच, की डाळिंबाच्या बागेत सारखेपणा हा गुण असला तरी रानात तो धोका आहे. एकाच झाडाच्या हजार प्रती लावल्या, तर एक रोग हजारांना पुरतो. निवडक झाडांची टिश्यूची रोपं शेतात, बांधावर जावीत, म्हणजे रानावरची कुऱ्हाड थांबेल. रानात भर घालायला बी हवं, तेही अनेक झाडांचं.

आणि खर्च? डाळिंबवाल्याला महागडं रोप परवडतं, कारण दोन-तीन वर्षांत फळ हाती येतं. नरक्याला थांबावं लागतं. ते थांबणं डोंगरातल्या शेतकऱ्याच्या माथी मारू नये. ज्या कंपन्या या लाकडावर औषध विकतात, त्यांनीच रोपांचे पैसे आगाऊ मोजावेत.