धूर कोणाच्या मालकीचा?
लांकडाची वा कोळशाची भट्टी ही दुकानदाराची खासगी बाब होय, असें मानणाऱ्या काटोलच्या व्यापारी बंधूंस आमचा सवाल आहे: धूर कोणाच्या मालकीचा? धुराडें छपरावर गेलें नाहीं, तर तो शेजाऱ्याच्या माडींत शिरतो. आंतील काजळी खरवडली नाहीं, तर तीच पेट घेते. त्याहून घातक म्हणजे थंडींत दारें लावून पेटविलेली शेगडी. तिच्या कार्बन मोनॉक्साइडास रंग नाहीं, वास नाहीं. निजलेला माणूस निजलेलाच राहतो. धूर बाहेर नेणारी मगन चूल वर्ध्याच्या मगनवाडींत सिद्ध झाली. वर्धा कांहीं विलायतेंत नाहीं! २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक अधिनियमानें आगीच्या बंदोबस्ताचा भार मालक व भोगवटादार यांवर घातलाच आहे. नगरपरिषदेनें आतां परवान्यापूर्वीं धुराडें पाहावें, आणि काजळी काढल्याची खात्री झाल्यावांचून कोणाही भट्टीवाल्याचा परवाना पुढें चालूं ठेवूं नये.