पेहोव्याची वही

चंडीगडमध्ये ओळख झाली की दुसरा प्रश्न येतो, "पिच्छों कित्थों दे हो?" म्हणजे मूळचे कुठले? फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला राजधानी हवी होती, म्हणून हे शहर वसवलं; इथल्या बहुतेक घरांचं मूळ दुसरीकडेच. आमच्या शेजारच्या काकांचे आजोबा गुजराँवाल्याचे. 1947 मध्ये जीव घेऊन निघाले, कागदाचा कपटाही आला नाही. आता काकांची नात अमेरिकेत दिली आहे. तिच्या सासरच्यांनी जनगणनेची जुनी पानं आणि विवाहनोंदी जुळवून सात पिढ्यांची वंशावळ लावली, आणि सुनेला विचारलं, तुमची कुठे आहे?

म्हणून काका पेहोव्याला निघाले, आणि मीही.

कुरुक्षेत्राच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर सरस्वतीकाठचं हे गाव, जुनं नाव पृथूदक. लोक इथे पितरांचं पिंडदान करायला येतात आणि त्यांचे पंडे, म्हणजे तीर्थोपाध्याय, त्या निमित्ताने घराण्याची नोंद ठेवतात. पंडितजींनी जात, गोत्र आणि गाव विचारलं. काकांचं नावही नाही! वह्या लावलेल्या असतात त्या मूळ गावानुसार. मग लाल कापडातली, हातभर लांब आणि वीतभर रुंद वही निघाली.

जुनी पानं लंडे लिपीत. पंजाबातल्या व्यापाऱ्यांची ही लिपी. तिच्यात काना-मात्रा-वेलांटी जवळजवळ नसतेच. काकांच्या पणजोबांच्या जागी फक्त 'ह' आणि 'र'. हरी की हीरा? पंडितजींनी घाई केली नाही. चार पानं पुढे गेले. तिथे मुलाने उर्दूत सही करून खाली बापाचं नाव लिहिलं होतं, आणि त्यात शेवटचा अलिफ स्पष्ट होता. "हीरा," ते म्हणाले. काकांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही.

आपली मोडी वाचणाऱ्याला हे कौशल्य कळेल. अक्षर ओळखणं सोपं; घराणं ओळखल्याशिवाय नाव वाचता येत नाही.

इथे माणूस वहीपाशी येतो; अमेरिकेत सरकार दारी गेलं. 1790 ला पहिली गणती, पण नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. 1850 पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आलं. गुलामांच्या यादीत मात्र नाव मालकाचं, गुलामाचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्यामुळे कृष्णवर्णीय घराण्यांचा शोध बहुधा 1870 च्या गणतीशी येऊन अडतो. 1890 ची जवळजवळ सगळी पानं 1921 च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत आणि नंतर गेली. आपल्याकडे 1948 च्या कायद्याने गणनेतली वैयक्तिक माहिती कुणालाच पाहता येत नाही. राहते ती ही वही, आणि ती भरते आपण गेलो तरच.

पण पुढे ती वाचणार कोण, ही चिंता. पंडितजींचा मुलगा चंडीगडला नोकरी करतो. लंडे त्याला वाचता येत नाही. भावाभावांत वाटणी झाली की यजमान वाटले जातात, वह्याही वाटल्या जातात. युटाच्या जिनिऑलॉजिकल सोसायटीने हरिद्वारसह पेहोव्याच्याही वह्यांची मायक्रोफिल्म काढून ठेवली आहे, हे मोठं काम. पण फिल्मवर 'ह' आणि 'र' एवढंच दिसणार. चार पानं पुढे जायचं शहाणपण त्या म्हाताऱ्या बोटांत आहे. ते आज कुणीतरी बसून शिकायला हवं, लिहून ठेवायला हवं.

आणखी एक गोष्ट मला खुपली. काकांच्या पानावर मुलगे, नातू, सुनांची माहेरं आहेत, मुली नाहीत. काकांनी पेन मागून अमेरिकेतल्या नातीचं नाव स्वतः लिहिलं, शेजारी तिच्या नवऱ्याचं. पंडितजींनी खाली तिथी घातली.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे आपल्याही नामावळी आहेत, जुनी पानं मोडीत. पुढच्या खेपेला आडनाव आणि मूळ गाव सांगून आपली वही काढायला सांगा, आणि मुलींची नावं लिहूनच उठा.