रिकाम्या बर्डीचे छायाचित्र

1838 साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या गृहस्थांनी उंचावरच्या खिडकीतून खालच्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला त्या काळी काही मिनिटे लागत. तेवढ्यात गाड्या, घोडे, माणसे पुढे सरकली आणि पत्र्यावर त्यांचा मागमूस राहिला नाही. भर वर्दळीचा रस्ता चित्रात ओसाड दिसतो. एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा उमटला आहे. तो बूट पॉलिश करून घेत असावा, असे जाणकार सांगतात.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. गेल्या वर्षी ग्रंथालयातल्या एका पुस्तकात हे चित्र पाहिले आणि मला माझी बर्डी आठवली.

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. बाबा घरोघरी दूध घालतात. दूध अत्यावश्यक, म्हणून त्यांना बाहेर पडण्याची मुभा होती. मदतीला मी लूनावर मागे बसत असे. खिशात ताईचा मोबाइल, काचेला तडा गेलेला. पहाटे व्हेरायटी चौकात मी मोठ्या हौसेने फोटो काढला. शटर बंद, रस्ता सुनसान. बाबांनी तो पाहिला आणि हसले.

"अरे, पाच वाजता बर्डी रोजच अशी रायते. अकराचा काढ."

वाचकहो, छायाचित्रणाचा एवढा मोठा धडा मला पुढे कोणी दिला नाही. नुसता रिकामा रस्ता काहीच सांगत नाही. तो कोणत्या वेळी रिकामा आहे, हे चित्रात दिसावे लागते. घड्याळ नसेल तर ते काम सावली करते. पहाटेचा उजेड मंद, सावली जवळजवळ नसतेच. सूर्य वर चढला की ती आखूड आणि काळीभोर होते. मात्र मे महिन्याची दुपार या कामी निरुपयोगी. 26 मेच्या सुमारास सूर्य नागपूरच्या नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि त्या उन्हात आपले रस्ते एरवीही ओस पडतात! म्हणून एप्रिलमधले सकाळचे अकरा.

एके दिवशी हिशेबाला उशीर झाला आणि ती वेळ साधली. गांधीजींच्या पुतळ्याची आखूड सावली, कोणासाठी तरी लाल-हिरवा होणारा सिग्नल, आणि एरवी पाय ठेवायला जागा नसते तो रस्ता मोकळा. मोबाइल क्षणाच्याही लहानशा अंशात चित्र घेतो. दागेरच्या पत्र्यासारखी चालती माणसे तो पुसून टाकत नाही. रस्ता झाडणारी एक बाई होती, ती पलीकडे जाईपर्यंत मी थांबलो. काठी घेऊन बसलेला शिपाई झाडाआड येईल अशी जागा धरली. समोर लूना लावून बाबा उभे होते.

"बाबा, तुम्ही जरा बाजूला व्हा ना. रस्ता रिकामा दिसला पाहिजे."

ते मुकाट्याने लूना ढकलत बाजूला झाले. फोटो अजून माझ्याजवळ आहे. डाव्या कडेला लूनाचे हँडल आणि दुधाच्या कॅनची कड तेवढी आली आहे.