चौकटी अनेक, अक्ष एक

इलिनॉयमधील नेपरव्हिल आणि शेजारचे ऑरोरा यांच्या लोकसंख्येचे आलेख शेजारीशेजारी मांडले, तर पाहणाऱ्याच्या मनावर काय ठसेल हे बहुतांशी उभ्या अक्षावर ठरते. जनगणनेनुसार २०१० ते २०२० या काळात नेपरव्हिल १,४१,८५३ वरून १,४९,५४० वर गेले. ऑरोरा १,९७,८९९ वरून १,८०,५४२ वर उतरले. प्रत्येक चौकटीला स्वतःचा अक्ष दिला, की दोन्ही रेघा आपापली चौकट तळापासून माथ्यापर्यंत व्यापतात आणि साडेसात हजारांची वाढ व सतरा हजारांची घट डोळ्यांना सारखीच भासते. समान अक्षावर ऑरोराची उतरण दुपटीहून अधिक खोल दिसते. घर कोठे घ्यावे याचा विचार करणारे कुटुंब अशाच चित्रावरून मत बनवते.

एकाच मापाच्या चौकटींची ही मांडणी १९९० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये विल्यम क्लीव्हलंड, रिचर्ड बेकर प्रभृतींनी ‘ट्रेलिस’ या नावाने रूढ केली. ट्रेलिस म्हणजे वेल चढवण्याची जाळी. (नेपरव्हिललाही बेल लॅब्जचे केंद्र होते, हे काम मात्र न्यू जर्सीतले.) ‘आर’ या भाषेत ती दीपायन सरकार यांच्या ‘लॅटिस’ने आणली. हॅडली विकहॅम यांच्या ‘जीजीप्लॉट२’मधील ‘फॅसेट_रॅप’ सर्व चौकटींना मुळातच समान अक्ष देते. तो मोडायचा तर ‘स्केल्स’पुढे ‘फ्री’ असे मुद्दाम लिहावे लागते, आणि हे योग्यच आहे. पायथनच्या ‘मॅटप्लॉटलिब’मध्ये नेमके उलट: ‘शेअरवाय’ सांगितल्याखेरीज प्रत्येक चौकट स्वतंत्र राहते.

फसगत होते ती वेगवेगळे काढलेले आलेख ‘पॅचवर्क’ने जोडताना. शेजारी बसल्याने अक्ष एक होत नाहीत. त्यासाठी अँपरसँडच्या चिन्हाने सर्वांना एकच ‘वायलिम’ लावावी लागते; ती सर्व आकडे सामावणारी हवी, अन्यथा बाहेरचे बिंदू चित्रातून गळतात.

समान अक्ष सर्वत्र हितकर असतो असेही नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, सोलापूरला सरासरी हजाराच्याही आत. एकाच अक्षावर सोलापूरची रेघ तळाला चिकटते आणि तिथले दुष्काळी वर्ष दिसेनासे होते. तेथे ‘फ्री_वाय’ वापरून उभा अक्ष मोकळा सोडावा, वर्षांचा आडवा अक्ष समान ठेवावा, आणि मापे वेगळी असल्याचे मथळ्यातच नमूद करावे. पाऊस त्या त्या ठिकाणच्या सरासरीच्या टक्केवारीत मांडला, तर समान अक्षावरही सोलापूरचा दुष्काळ स्पष्ट उठून दिसतो.