पक्षी पाहायची दुर्बीण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित आणि पट्टकादंब येतात, आणि पक्षी पाहायला नव्याने निघालेले विचारू लागतात, "दुर्बीण किती पॉवरची घेऊ?" जितकी पॉवर जास्त तितका पक्षी चांगला दिसणार, हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा याच समजुतीपायी.

दुर्बिणीवर ८ × ४२ असं लिहिलेलं असतं. ८ म्हणजे पक्षी आठपट मोठा दिसणार. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पण पक्ष्याबरोबर आपल्या हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी होते. दहाच्या पुढची दुर्बीण नुसत्या हातांनी स्थिर धरणं बहुतेकांना जमत नाही, आणि हलत्या चित्रात पिसांवरच्या बारीक रेषा दिसत नाहीत. शिवाय पॉवर वाढली की दिसणारा परिसर आक्रसतो. हजार मीटरवर ८ × ४२ मधून साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १० × ४२ मधून ११० च्या आसपास. भिगवणच्या मोकळ्या पाण्यावर रोहित निवांत चरत असतात, तिथे दहाची दुर्बीण कामाचीच. कर्नाळ्याच्या झाडीत मात्र स्वर्गीय नर्तक एका फांदीवर टिकत नाही. अरुंद दृश्यात तो सापडेपर्यंत पुढच्या झाडावर गेलेला असतो. म्हणून पहिलीच दुर्बीण घेणाऱ्याला माझा सल्ला ठाम आहे: आठचीच घ्या.

मग खिशात मावणारी १० × २५ का नको? प्रकाशामुळे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पॉवरने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते. ८ × ४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, १० × २५ मध्ये अडीच. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरवर आलेली असते, त्यामुळे दुकानाबाहेर उभं राहून पाहिलं तर दोन्ही जवळपास सारख्याच उजळ वाटतात. फरक कळतो तो पहाटे आणि दाट सावलीत. तिथे बाहुली मोठी होते आणि तो बारीक झोत तिला पुरत नाही. पक्ष्यांची लगबग नेमकी याच वेळी असते. ओढ्याकाठच्या अंधारात शीळकरी कस्तुराच्या कपाळावरची चमकदार निळाई छोट्या दुर्बिणीत हरवते, उरतो नुसता काळा पक्षी.

लालभडक चमकणाऱ्या भिंगांची दुर्बीण भारी असते, असं पर्यटनस्थळांवर हमखास ऐकायला मिळतं. लेप न दिलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो आणि दुर्बिणीत असे बरेच पृष्ठभाग असतात, म्हणून चांगला लेप हवाच. पण लाल दिसणारा लेप लाल रंगच बाहेर परतवतो. आतलं चित्र हिरवट-निळसर होतं आणि पक्ष्याचे खरे रंग कळत नाहीत. 'फुली मल्टिकोटेड' हे शब्द शोधा. तशा भिंगांवर हलकी हिरवी किंवा जांभळी झाक दिसते.

'दहा किलोमीटरपर्यंत दिसतं' या दाव्याला काहीही अर्थ नाही. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर असून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. झूमच्या दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नका: कमी पॉवरला दृश्य अरुंद, जास्त पॉवरला अंधुक.

पावसात जाणारच नाही, तर वॉटरप्रूफ कशाला, असं वाटणं साहजिक आहे. मात्र आपल्याकडे, विशेषतः कोकणात, दुर्बिणीचा खरा शत्रू दमट हवा आहे. ती आत शिरली की भिंगांवर बुरशी धरते, आणि आतली बुरशी घरी साफ करता येत नाही. नायट्रोजन भरून बंद केलेल्या दुर्बिणीत हा धोका फार कमी.

चष्मा असलेल्यांना दुर्बीण वापरताना तो काढावाच लागतो, हेही खरं नाही. डोळ्याकडचे रबरी कप खाली फिरवा आणि चष्म्यासकट पाहा. त्यासाठी त्या दुर्बिणीचं 'आय रिलीफ', म्हणजे पूर्ण दृश्य दिसत असताना डोळा भिंगापासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर, किमान १५-१६ मिलिमीटर हवं, नाहीतर दृश्याच्या कडा कापल्या जातात. फक्त जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढूनही फोकस जुळतो. सिलिंड्रिकल नंबर मात्र दुर्बीण भरून काढू शकत नाही.

आणि चित्र पुसट दिसलं म्हणून दुर्बीण लगेच सदोष ठरवू नका. दोन डोळ्यांचा नंबर बहुधा थोडा वेगळा असतो आणि तो जुळवण्याची सोय दुर्बिणीतच असते. उजवं भिंग हाताने झाकून, डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवत लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावं झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची डायऑप्टरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरची ती खूण लक्षात ठेवा. दुर्बीण चार जणांच्या हातातून फिरून आली की कडी पुन्हा त्याच खुणेवर आणावी लागते.